प्रतिकारशक्ती किती वाढवायची?

२०२० च्या टाळेबंदीत ठाणे जिल्ह्यातले बहुतेक धंदे बसले, तेव्हा शहापूर तालुक्यात एक धंदा उभा राहिला. खैराचा कात पाडणं आणि कोळशाच्या भट्ट्या लावणं हे ज्यांचे जुने उद्योग, त्या कातकरी समाजातले काही तरुण रानातली गुळवेल तोडून, तुकडे करून, सुकवून विकत होते. केंद्र सरकारच्या वनधन योजनेतून त्यांच्या ‘आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थे’ला पाठबळ मिळालं. पुढे या संस्थेकडे सुमारे ३५० टन गुळवेलीची, दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीची मागणी आल्याचं ट्रायफेड या केंद्र सरकारच्या संस्थेने जाहीर केलं. एरवी आसनगावहून लोकल पकडून येणाऱ्या बायकांच्या पाटीत रानभाज्यांशेजारी दिसणारी ही वेल त्या वर्षी गोळ्या, चूर्ण आणि रसाच्या बाटल्यांच्या रूपात ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या औषधांच्या दुकानांत दर्शनी फळीवर येऊन बसली. सोसायट्यांच्या कुंपणांवर तिची कांडं लावली गेली, शेजारीपाजारी वाटलीही गेली.

एवढी मागणी कशामुळे, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असे: इम्युनिटी. गुळवेलीने ती वाढते, तुळशीने वाढते, हळदीने तर वाढतेच. किती वाढते, कोणाची वाढते, कोणत्या जंतूविरुद्ध वाढते आणि वाढल्यावर पुढे काय होतं, हे विचारायला तेव्हा कोणाला उसंत नव्हती. पण नेमक्या याच प्रश्नांवर मुंबई-पुण्यात जवळजवळ चाळीस वर्षं काम झालेलं आहे. ‘सगळं थोतांड’ म्हणणारे आणि ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ म्हणणारे, दोघांनाही ते काम फारसं माहीत नसतं. ते वाचल्यावर दोघांचीही थोडी पंचाईत होते.

सुरुवात परळच्या केईएम रुग्णालयापासून करावी लागते. डॉ. शरदिनी डहाणूकर मराठी वाचकांना ‘फुलवा’, ‘हिरवाई’ अशा पुस्तकांमुळे माहीत आहेत. पण त्यांचा रोजचा विषय औषधशास्त्र होता. डॉ. उर्मिला थत्ते आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी १९८० च्या दशकात गुळवेल, अश्वगंधा, शतावरी, कुटकी अशा वनस्पती प्रयोगशाळेच्या टेबलावर आणल्या. पद्धत साधी होती. प्राण्यांना आधी काही दिवस वनस्पतीचा अर्क द्यायचा, मग पोटात जंतुसंसर्ग घडवायचा आणि किती प्राणी जगतात, त्यांच्या पांढऱ्या पेशी जंतूंना किती गिळतात, हे मोजायचं. गुळवेल स्वतः जंतू मारते असं त्यांना म्हणायचं नव्हतं. जंतू मारणाऱ्या पेशींचं काम ती सुधारते का, हा प्रश्न होता.

या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग माणसांवरचा आहे आणि तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. कर्करोगामुळे पित्तमार्ग तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांची प्रतिकारक्षमता खालावलेली असते. शस्त्रक्रियेनंतर त्यांतले बरेच जण रक्तात जंतुसंसर्ग पसरून दगावतात. अशा ३० रुग्णांचे दोन गट पाडले गेले. दोन्ही गटांना प्रतिजैविकं, व्हिटॅमिन के आणि तुंबलेलं पित्त बाहेर काढण्याचे उपचार सारखेच मिळाले, एका गटाला त्याशिवाय गुळवेलीचा अर्क तोंडाने दिला. यकृताचं काम दोन्ही गटांत सारखंच राहिलं. फरक पडला तो न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये: जंतू गिळण्याची आणि मारण्याची त्यांची क्षमता फक्त गुळवेल घेणाऱ्यांमध्ये पूर्ववत झाली. रक्तातल्या जंतुसंसर्गाची लक्षणं गुळवेल न घेणाऱ्या गटात निम्म्या रुग्णांत दिसली, गुळवेलीच्या गटात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ४० आणि ९२.४ टक्के होतं.

आकडे डोळे दिपवणारे आहेत, आणि म्हणूनच जपून वाचायला हवेत. तीस रुग्ण म्हणजे फार थोडे, एकाच रुग्णालयातले. एवढ्या लहान अभ्यासात दोन-चार माणसं इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी बदलते. इतका मोठा फायदा दिसल्यावर तीनशे, मग तीन हजार रुग्णांवर तोच प्रयोग व्हायला हवा होता. तसा झाला नाही. तरी मला हा अभ्यास मोलाचा वाटतो, कारण त्यात प्रश्न नेमका होता. ज्यांची प्रतिकारक्षमता खालावली आहे हे मोजून सिद्ध झालेलं आहे, अशांनाच औषध दिलं होतं. संसर्ग कोणता, मात्रा किती, किती दिवस, मोजायचं काय, सगळं आधी ठरलेलं होतं. निरोगी माणसाने सकाळी अनशापोटी गुळवेलीचा रस प्यावा की नाही, याबद्दल हा अभ्यास एक अक्षरही बोलत नाही.

पुढे २००७ साली केईएममधूनच मधुमेही पायाच्या जखमांवरचा अभ्यास आला. त्यात गुळवेल घेणाऱ्यांची जखम साफ करण्याची शस्त्रक्रिया कमी वेळा करावी लागली. २००८ मध्ये नागपूरच्या संशोधकांनी एचआयव्हीबाधित ६८ जणांवर सहा महिने प्रयोग केला. अर्क घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांना लक्षणं कमी झाल्यासारखी वाटली, लुटुपुटीचं औषध घेणाऱ्यांपैकी २० टक्क्यांना. पण रक्ताच्या तपासण्यांनी या सुधारणेला पूर्ण दुजोरा दिला नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. असं लिहिणारे संशोधक मला अधिक विश्वासाचे वाटतात.

परळहून तुर्भ्याला, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात गेलं की प्रश्न बदलतो: गुळवेलीत असं आहे तरी काय? तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये तिच्या खोडातून एक बहुशर्करा वेगळी काढली. साखरेच्या रेणूंच्या या लांब फांदीदार साखळीला त्यांनी जी१-४ए असं रूक्ष नाव दिलं. आपल्या भक्षक पेशींवर टीएलआर-४ नावाचा एक ग्राहक असतो. जिवाणूंच्या कवचातला एक पदार्थ त्याला चिकटला की ‘शत्रू आला’ असा इशारा जातो. गुळवेलीची ही शर्करा त्याच ग्राहकाला चिकटते, म्हणजे जंतू नसताना जंतूचं सोंग आणते. उंदरांना ती आधी दिली की त्यांच्या भक्षक पेशी सावध होतात, आणि नंतर जिवाणूंचं विष टोचलं तरी ते तगतात, असं २००७ मध्ये दिसलं. २०१६ मध्ये याच केंद्रातून क्षयाच्या जंतूंवरही ती परिणाम करते, असं प्रसिद्ध झालं.

इथे दोन अडचणी सांगितल्याच पाहिजेत. एक, उंदरांना ती शुद्ध करून टोचली जाते. आपण काढा पितो, आणि एवढा मोठा रेणू आतड्यातून रक्तात फारसा उतरत नाही. दुसरी अडचण अधिक खोडसाळ आहे. रानातून आणलेल्या, दमट हवेत सुकवलेल्या कुठल्याही मुळी-खोडावर जिवाणू असतात, आणि त्यांच्या कवचातला तो पदार्थ अर्कात उतरतो. परीक्षानळीतल्या पेशी खवळल्या तर त्या वनस्पतीने खवळल्या की तिच्यावरच्या जिवाणूंनी, हे वेगळं तपासावं लागतं. वनस्पतींच्या ‘इम्युनिटी’वरच्या पुष्कळ निबंधांत ते तपासलेलंच नसतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. भक्षक पेशी जाग्या करणं नेहमी चांगलंच असतं का?

करोनानेच याचं उत्तर दिलं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. हे औषध प्रतिकारशक्ती वाढवत नाही, दाबतं. आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसांची नासाडी करण्यात विषाणूइतकाच हात शरीराच्या स्वतःच्या प्रतिसादाचा होता. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. म्हणजे एकाच आजारात, एकाच माणसाला, एका आठवड्यात जे हवं ते पुढच्या आठवड्यात नको असू शकतं. ‘वाढवा’ एवढंच सांगणारी जाहिरात यातलं कुठलं सांगत असते?

दुसरं उत्तर मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडून आलं आणि ते गुळवेलीबद्दलच होतं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. यकृताच्या तुकड्याची तपासणी केली तेव्हा दिसणारं चित्र स्वयंप्रतिकारक आजाराचं होतं: शरीराच्या पेशी आपल्याच यकृतावर उठलेल्या. आयुष मंत्रालयाने यावर तीव्र आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्या जातीची गल्लत झाली असेल, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. सोसायटीच्या भिंतीवरची वेल नक्की कोणती, हे पानाच्या बदामी आकारावरून सांगणं जाणकारालाही जड जातं. पण २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, आणि त्यातही तेच स्वयंप्रतिकारक चित्र दिसलं. काही रुग्ण दगावले, विशेषतः ज्यांचं यकृत आधीच खराब होतं ते.

माझ्या मते केईएमचा अभ्यास आणि यकृताच्या या नोंदी एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. एकीकडे झोपलेल्या पेशी जाग्या झाल्या, दुसरीकडे आधीच अस्वस्थ असलेल्या पेशी पेटल्या. भक्षक पेशींवर खरोखर परिणाम करणारी वनस्पती कोणाला तरी अपाय करणारच. कधीच अपाय न करणारी वनस्पती बहुधा उपायही करत नसते. ‘नैसर्गिक आहे, दुष्परिणाम नाहीत’ हे वाक्य म्हणूनच मला औषधाची निंदा वाटतं.

आयुर्वेदाने गुळवेलीला रसायन म्हटलं आहे, दीर्घकाळ घेण्याचा उल्लेखही आहे. पण तिथे मध्ये वैद्य असतो. प्रकृती, अग्नी, ऋतू पाहून तो मात्रा ठरवतो, बदलतो, थांबवतो. २०२० साली मध्ये व्हॉट्सॲप होतं.

बाकीच्या वनस्पतींबद्दल थोडक्यात. आयुष मंत्रालयाने त्या वर्षी ‘आयुष क्वाथ’ सुचवला: तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन भाग, मिरी एक भाग. तुळशीवर दिल्लीच्या एम्समधला २०११ चा लहानसा अभ्यास आहे. चार आठवडे अर्क घेतलेल्या निरोगी माणसांच्या रक्तात काही प्रतिकारक पेशी आणि संदेशक प्रथिनं वाढलेली दिसली. पण त्यामुळे त्यांना सर्दी-ताप कमी आले का, हा प्रश्न त्यात नव्हताच. रक्तातला आकडा हलणं वेगळं आणि आजार टळणं वेगळं. या विषयातले निम्मे दावे या दोन्हींमधली फट झाकून उभे असतात.

मिरीची गोष्ट मात्र खरोखर गमतीची आहे. तिच्यातलं पायपरीन इतर औषधं शरीरात अधिक शोषली जावीत असं करतं. त्यावरच बेतून जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने कॅडिलाबरोबर क्षयाचं एक औषध बनवलं. त्यात रिफाम्पिसिनची मात्रा नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम ठेवून पायपरीन जोडलं आहे. हाच गुण काढ्यात उलटा पडू शकतो. फिटची किंवा रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्याने महिनोन्महिने मिरीचा कडक काढा घेतला तर त्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. जेवणातली चिमूटभर मिरी वेगळी.

पावसाळा संपत आला की ठाणे-कल्याण पट्ट्यात ‘पेशी किती आल्या?’ हा प्रश्न घरोघर ऐकू येतो. पेशी म्हणजे प्लेटलेट, आणि उपाय पपईच्या पानांचा रस. गच्चीवरच्या, गल्लीतल्या पपईची कोवळी पानं त्या दिवसांत टिकत नाहीत. आता त्या पानांच्या अर्काच्या गोळ्याही मिळतात. यामागे पुरावा आहे: २०१३ मध्ये मलेशियात डेंग्यूच्या २२८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन दिवस पानांचा रस घेणाऱ्यांच्या प्लेटलेट लवकर वाढल्या, प्लेटलेटशी संबंधित जनुकांच्या हालचालीही वाढलेल्या दिसल्या. २०१६ मध्ये आपल्याकडे ३०० रुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्षही त्याच दिशेचा होता.

पण डेंग्यूत माणूस सहसा प्लेटलेट कमी झाल्याने मरत नाही. रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरून रक्तदाब कोसळतो, तेव्हा तो धोक्यात येतो. यातही शरीराच्या स्वतःच्या प्रतिसादाचा मोठा वाटा असतो. दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू पहिल्यापेक्षा घातक ठरतो तो यामुळेच: जुनी प्रतिपिंडं विषाणूला पेशींत शिरायला मदत करतात. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस धोक्याचे, आणि त्यानंतर प्लेटलेट बहुतेकांच्या आपोआप चढतात, रस घेतला तरी आणि न घेतला तरी. सिंगापूर-मलेशियातल्या २०१७ च्या अभ्यासात तर रक्तस्राव नसताना प्लेटलेटच्या पिशव्या चढवूनही प्रौढांना फायदा दिसला नाही. मग रसाने आकडा वाढला म्हणून निर्धास्त होणं कितपत शहाणपणाचं? पोटात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, यांकडे पाहायचं की पानं शोधत फिरायचं? रस प्यायला माझी हरकत नाही. तो पितोय म्हणून रुग्णालयात जायला उशीर होऊ नये, एवढंच.

दिवाळीच्या सुमारास ठाण्यातल्या बऱ्याच रस्त्यांवर सातवीण फुलते आणि तिच्या उग्र वासाने काहींचं डोकं उठतं. तिची साल तापावरचं जुनं औषध आहे. सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोटा मिळून ‘आयुष-६४’ ही गोळी हिवतापासाठी बनवली गेली होती. करोनात तिची चाचणी पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या देखरेखीखाली लखनौ, वर्धा आणि मुंबई महापालिकेच्या कोविड केंद्रात झाली. नेहमीच्या उपचारांबरोबर गोळी घेणारे ७० आणि न घेणारे ७० अशा सौम्य-मध्यम आजाराच्या रुग्णांत गोळी घेणारे सुमारे दोन दिवस आधी बरे झाले. चाचणी उघड होती, म्हणजे कोणाला गोळी मिळते हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक होतं, आणि ‘बरं वाटणं’ अशा माहितीने बदलतं. २९ एप्रिल २०२१ ला, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, मंत्रालयाने तिच्या उपयुक्ततेची घोषणा केली. उलट दिशेचाही अनुभव याच काळातला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनावरचं औषध म्हणून पुढे आणलेल्या ‘कोरोनिल’च्या दाव्यांवरून वाद झाला, तेव्हा योग्य प्रमाणपत्राशिवाय त्याच्या विक्रीला महाराष्ट्रात परवानगी मिळणार नाही, असं तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सांगितलं होतं.

कोकणातून डोंबिवलीला आलेल्या घरांत पालेकिराईत ठाऊक असतं. कडू जहर, पोरांना नाक दाबून पाजायचं. सर्दी-खोकल्यावर त्याच्या ३३ चाचण्यांचा, सात हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये निघाला. लक्षणं थोडी कमी होतात असा त्याचा कल आहे, पण मूळ चाचण्यांपैकी बहुतेकांचा दर्जा सुमार. म्हणजे एवढी माणसं तपासूनही उत्तर ‘कदाचित’च्या पुढे गेलं नाही, कारण तपासणी काळजीपूर्वक झाली नाही.

वनस्पतीच्या अर्काने संसर्गाविरुद्धची प्रतिकारशक्ती वाढते, हे निःसंशय सिद्ध झालेलं उदाहरणही आहे, आणि त्याचा कारखाना पुण्यात आहे. चिली देशात क्विलाया नावाचं झाड होतं, म्हणजे उगवतं. त्याची साल रिठ्यासारखी फेसाळते, त्यातली सॅपोनिनं कच्ची टोचली तर तांबड्या पेशी फोडतात. ती शुद्ध करून, कोलेस्टेरॉल आणि मेदरेणूंमध्ये बांधून, मायक्रोग्रॅमच्या मात्रेत लशीत मिसळली की लशीला मिळणारा प्रतिसाद कितीतरी वाढतो. सीरम इन्स्टिट्यूट बनवत असलेली हिवतापाची आर२१ लस अशीच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. २००४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या संशोधकांनी सीरमच्या सहकाऱ्यांसह शतावरीवर हाच प्रयोग प्राण्यांत केला होता. घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लशीबरोबर शतावरी दिली, तर नंतर डांग्या खोकल्याच्या जंतूंपासून अधिक संरक्षण मिळालं. क्विलाया पुढे गेलं, शतावरी मागे राहिली. फरक झाडांच्या गुणाइतकाच नंतर ओतलेल्या पैशाचा आणि चिकाटीचा आहे.

आज, या घडीला, ठाणे-कल्याणच्या माणसाने काय करावं? ज्यांना थायरॉइड, संधिवात, ल्यूपस यांसारखा स्वयंप्रतिकारक आजार आहे, यकृत आधीच दुखावलेलं आहे, किंवा मूत्रपिंड-यकृत बदललं आहे आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी गुळवेल आपल्या मनाने घेऊ नये. क्षयाची औषधं यकृतावर ताण देतात, ती चालू असताना तर नकोच. कोणीही घेत असेल आणि भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळ्यांत पिवळेपणा आला तर त्याच दिवशी बंद करावी, यकृताची तपासणी करावी आणि डॉक्टरांना ‘काढा घेत होतो’ हे सांगावं. बहुतेक जण ते सांगत नाहीत, कारण काढा हे औषध आहे असं त्यांना वाटत नाही. डॉक्टरही विचारत नाहीत.

आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याची सरकारी यंत्रणा २०१८ पासून आहे. बाटलीतल्या रसाची नोंद तिच्यात होऊ शकते, कारण बाटलीवर कारखान्याचं नाव आणि घाण्याचा क्रमांक असतो. कुंपणावरच्या वेलीवर तो नसतो.